पळालेल्यांचा डबा

"पळाले," कंपाउंडर म्हणाला.

"कोण पळाले?" घड्याळजीने विचारले. त्याला ऐकू चांगले आले होते. पण काही बातम्या दुसऱ्यांदा ऐकल्या तर बदलतात, अशी त्याला आशा होती.

"तुझे भालाईत. चोवीसच्या चोवीस. सहा हवे होते, फाशावर तीन पडले. उचल आता."

"माझे भालाईत असे पळायचे नाहीत. एकेकाला चिमट्याने मिशी बसवलीय मी."

"मिशीला आपल्या नियमांत गुण नाहीत."

"मग ठेव की. कायदा तुझ्याच हातात आहे."

"उचल."

घड्याळजीने सुस्कारा सोडला आणि बोटाच्या दोन पेरांएवढे ते शिशाचे वीर एकेक करून बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात टाकले. झाकण लागले. जेवणाच्या टेबलावर अंथरलेल्या हिरव्या चादरीवर, उपड्या ताटाच्या टेकडीपासून निळ्या फितीच्या नदीपर्यंत, भलेमोठे खिंडार पडले.

कपबशा न्यायला आलेली कंपाउंडरची बायको हे बघत उभी होती. सैनिक घड्याळजी ओतायचा, पण त्यांना रंग तीच द्यायची. त्यामुळे त्या चोवीस जणांशी तिचे थोडे घरचे संबंध होते.

"मला एक सांगा," ती म्हणाली, "हे पळतात ते जातात कुठे?"

"डब्यात," कंपाउंडर म्हणाला.

"ते दिसलं. खऱ्या लढाईत कुठे जात असतील?"

कंपाउंडरने नियमांची वही चाळली. वहीत पळण्याची कारणे होती, वेग होता, दिशा होती. पत्ता नव्हता. "घरी जात असतील," तो म्हणाला.

"आणि परत येत नसतील?"

"पळाला तो पळाला. कलम सात."

"कडक आहे हो तुमचं कलम," असे म्हणून ती कपबशा घेऊन आत गेली. घड्याळजी हसला. कंपाउंडरने मात्र फासे उचलून उगाच शर्टाला पुसले.

हा खेळ दर रविवारी दुपारी चालायचा. जुन्या काळच्या, तलवारी-भाल्यांच्या लढाया टेबलावर लढायच्या, पट्टीने अंतर मोजायचे, फासे टाकायचे. बाजारात याची तयार नियमपुस्तके मिळतात, पण या दोघांना ती पसंत नव्हती. त्या पुस्तकांत सैनिक मरेपर्यंत लढत आणि मग मरत. असली माणसे दोघांपैकी कोणीच पाहिली नव्हती. म्हणून त्यांनी अकरा वर्षे खपून स्वतःचे नियम केले. कामाची वाटणी आपोआप झाली. घोडा एका फेरीत किती जाईल, बाण किती लांब पडेल, हे घड्याळजीने केसभरही न चुकता मोजून ठरवले. माणूस कधी पळेल, हे कंपाउंडरकडे आले.

कारण कंपाउंडर तीस वर्षे दातांच्या दवाखान्यात बाहेरच्या खोलीत बसत होता. दातांच्या दवाखान्यात औषधे मिसळायची नसतात की पुड्या बांधायच्या नसतात, तेव्हा त्याला कंपाउंडर का म्हणत हे त्यालाही ठाऊक नव्हते. नाव पुकारायचे आणि दार उघडायचे, एवढेच त्याचे काम. उरलेल्या वेळात तो माणसे बघे. आतून गिरमिटाचा आवाज आला की बाकावरची माणसे कशी बदलतात, याचा त्याच्याइतका अभ्यास कोणत्याही सेनापतीने केला नसेल.

त्याने धीर सुटण्याच्या चार पायऱ्या लावल्या होत्या. पहिली चुळबूळ. यात पेशंट मासिकाचे एकच पान चार वेळा उलटतो. दुसरी घड्याळ. यात त्याला अचानक आठवते की आपल्याला कुठेतरी जायचे आहे. तिसरीचे नाव होते 'पाणी पिऊन येतो'. खोलीत पाण्याचा माठ समोर असताना पेशंट हे वाक्य बोलतो आणि दाराकडे जातो. चौथी धूम. तिच्यात वाक्य नसते.

या सगळ्याला आकडे होते. आतून कोणी ओरडले तर धीर एकाने कमी. शेजारचा उठून गेला तर दोनाने कमी. बायको सोबत असेल तर तीनने जास्त. हाच आकडा पुढे लढाईत सेनापती जवळ असण्याला मिळाला. बायको सोबत असताना नवरा पळाल्याचे त्याच्या माहितीत एकच उदाहरण होते, आणि त्यात पेशंट बायको होती.

ते उदाहरण दवाखान्यातले नव्हते.

एकतीस वर्षांपूर्वी, मुलीच्या वेळी, बायकोला इस्पितळात नेले होते. बरेच तास झाल्यावर नर्स बाहेर आली आणि म्हणाली, "जरा गुंतागुंत आहे. नवरा कोण? एक सही लागेल." कंपाउंडर उभा राहिला. "पाणी पिऊन येतो," तो म्हणाला आणि गेला. इस्पितळासमोरच्या थांब्यावरून मिळेल त्या बसमध्ये बसला, शेवटच्या थांब्यापर्यंत गेला, तिथे एका कठड्यावर बसला आणि बसगाड्या धुताना बघत राहिला. सही मेव्हण्याने केली. कंपाउंडर परत आला तेव्हा पाच तास झाले होते आणि तो बाप झाला होता.

यावर घरात कधी कोणी बोलले नाही. मेव्हणासुद्धा, जो एरवी कंपाउंडरच्या पोटापासून छत्रीपर्यंत कशावरही विनोद करी, यावर कधी बोलला नाही. आता तर तोही राहिला नव्हता. दिवाणखान्यात मोठे कपाट असावे आणि सगळ्यांनी त्याला वळसा घालायची सवय करून घ्यावी, तसे ते होते. नियमांची वही सुरू केली तेव्हा कंपाउंडरने सर्वांत आधी लिहिले ते कलम सात.

आणि आता या गुरुवारी बायकोच्या पोटातली गाठ काढायची होती. मुलगी दूरच्या गावी नोकरीला. तिची गाडी गुरुवारी संध्याकाळी पोचणार होती आणि ऑपरेशन सकाळी होते.

बायको आत भांडी विसळत होती तेव्हा कंपाउंडर हळूच म्हणाला, "गुरुवारी येशील?"

"कुठे?"

"इस्पितळात. सकाळी."

"दुकान बंद ठेवून?"

"हो."

"येईन की. पण माझं काय काम?"

"सहीबिही लागली तर कोणीतरी हवं."

"तू आहेस ना."

"म्हणून तर."

घड्याळजीने त्याच्याकडे पाहिले. ही हकिगत त्याला ठाऊक होती. सांगितली कोणीच नव्हती. पण मेव्हण्याचे घड्याळ तो तीस वर्षे दुरुस्त करत आला होता, आणि घड्याळ उघडेपर्यंत गिऱ्हाईक समोर बसून काहीतरी बोलतच असते. "येतो," तो म्हणाला. "आणि तू ते कलम सात जरा बघ. खेळमंडळाला वही छापायला द्यायचीय या महिन्यात. ते कलम वाचलं तर माझ्यासारख्या पळपुट्या माणसाने खेळायचं तरी कशाला?"

सोमवारी कंपाउंडरने दवाखान्यात रजा मागितली. दंतवैद्य बाई कामात होत्या. एका गृहस्थाच्या तोंडात आरसा धरून त्या म्हणाल्या, "गुरुवारी ना? घ्या. हवं तर शुक्रवारही घ्या."

"मॅडम, एक विचारू? आपल्याकडून पळालेले पेशंट," कंपाउंडर म्हणाला, "माझ्याकडे टिपण आहे. तीस वर्षांत चारशे बारा."

गृहस्थाने डोळे मोठे केले.

"त्यातले किती परत आले?" बाईंनी विचारले.

"ते नाही टिपलं."

"का?"

कंपाउंडरच्या टिपणात पळालेल्याच्या नावापुढे फुली असे. तोच माणूस चार दिवसांनी गाल सुजवून आला की त्याला नवा कागद मिळे, नवा क्रमांक मिळे, आणि तो नवाच पेशंट होई. तीस वर्षे कंपाउंडरने पळालेले मोजले होते. आलेले मोजायचे असतात हे त्याला सुचलेच नव्हते.

"अहो, जवळजवळ सगळे येतात," बाई म्हणाल्या. "दात थोडाच पळून जातो? हे समोर बसलेत ना, हे तीनदा पळालेत. विचारा."

गृहस्थाला बोलता येत नव्हते. त्यांनी एका हाताची चार बोटे वर केली.

गुरुवारी सकाळी तिसऱ्या मजल्यावर, ऑपरेशनच्या खोलीबाहेर, बायकोला हिरवा झगा घालून ढकलगाडीवर निजवले होते. बांगड्या काढून ठेवल्यामुळे तिचे हात दुसऱ्याच कोणाचे वाटत होते. कंपाउंडर बाजूला उभा राहून गाडीच्या चाकांकडे बघत होता. चाके चांगली होती.

"पिशवीतून तो डबा काढा," ती म्हणाली.

त्याने काढला. बिस्किटांचा डबा. आत चोवीस भालाईत, काळ्या रंगाची छोटी बाटली आणि तिचा सर्वांत बारीक ब्रश.

"यांचे बूट राहिलेत. मी येईपर्यंत करून ठेवा. दोन-दोन बूट, चोवीस जण."

"मला कुठे येतंय रंगवायला."

"बूट कोणालाही येतात. आणि ब्रश वाळवू नका. मध्येच उठून गेलात आणि ब्रश वाळला, तर याद राखा. असा ब्रश आता मिळत नाही."

कंपाउंडरने मान हलवली. मग चाकांकडे बघतच म्हणाला, "त्या वेळी मी..."

"कोणत्या?"

"मुलीच्या. मी गेलो होतो."

एकतीस वर्षांत पहिल्यांदाच कपाटाला कोणी हात लावला होता.

"मला कुठे दिसलात जाताना?" बायको म्हणाली. "मला भूल दिली होती. डोळे उघडले तेव्हा दारात तुम्ही. घामाघूम, आणि हातात बसचं तिकीट. मला काय दिसलं ते मी सांगते. तुम्ही येताना दिसलात."

"पण तुझ्या दादाने सांगितलं असेल ना."

"सांगितलं. मी म्हटलं, आला ना परत, मग झालं. पुन्हा हा विषय माझ्या घरात काढायचा नाही." मग ती वॉर्डबॉयला म्हणाली, "चला हो. यांना बुटांचं काम आहे."

दार बंद झाले.

बाहेरच्या बाकावर घड्याळजी आधीच बसला होता. त्याने मधली जागा पुसून दिली. कंपाउंडरने रुमाल पसरला, त्यावर भालाईत ओळीने उभे केले आणि पहिला बूट रंगवायला घेतला. तो बूट गुडघ्यापर्यंत गेला.

"हा घोडदळातून बदलून आलेला दिसतोय," घड्याळजी म्हणाला.

"गप बस."

सहाव्या माणसापासून हात बसला. दहाव्यापर्यंत कंपाउंडरला आपण कुठे बसलो आहोत याचा थोडासा विसर पडला. घड्याळजीने मिशांची पाहणी केली. एकाची मिशी सुटली होती, ती त्याने खिशातल्या चिमट्याने नीट केली. तो खिशात चिमटा घेऊनच हिंडत असे.

सोळाव्या माणसाचा डावा बूट चालू असताना दार उघडले आणि नर्स बाहेर आली. एकतीस वर्षांपूर्वीची नर्स अर्थातच नव्हती. ही मुलीच्या वयाची होती. पण अशी वाक्ये त्यांना बहुतेक शाळेतच शिकवतात.

"काका, यांचे नातेवाईक तुम्हीच ना? थोडी गुंतागुंत आहे. डॉक्टर म्हणतायत, आणखी थोडं काढावं लागेल. एक सही लागेल तुमची. मी कागद घेऊन येते."

कंपाउंडर उभा राहिला.

"पाणी पिऊन येतो," तो म्हणाला.

पाण्याचे यंत्र बाकाला लागूनच होते. घड्याळजीने यंत्राकडे पाहिले, कंपाउंडरकडे पाहिले. त्याने मनगटावरचे घड्याळ काढून मांडीवर ठेवले.

कंपाउंडर जिन्याने उतरला. पायांना रस्ता माहीत होता. फाटकाबाहेर थांबा होता, थांब्यावर बस उभी होती आणि बसमध्ये बसायला जागाही होती. पळणाऱ्याच्या मदतीला सगळी दुनिया धावते. त्याने दांडा धरायला उजवा हात वर केला, आणि त्या हातात ब्रश होता.

"काका, येताय का?" कंडक्टरने विचारले.

कंपाउंडर ब्रशकडे बघत होता. टोकाला काळा रंग होता, अजून ओला. कडेने मात्र सुकायला लागला होता. अशा उन्हात आणखी पाचेक मिनिटे.

"हे वाळेल," तो कंडक्टरला म्हणाला.

"मग आत या, सावली आहे."

"नको. बायकोचा आहे."

कंडक्टरने अनेक कारणे ऐकली असतील. त्याने घंटी वाजवली. बस गेली. कंपाउंडर थांब्यावर, हातात मेणबत्ती धरावी तसा ब्रश धरून, थोडा वेळ उभा राहिला. मग ब्रशभोवती दुसऱ्या हाताचा आडोसा करून वळला.

तिसऱ्या मजल्यावर पोचला तेव्हा घड्याळजी जागचा हलला नव्हता. भालाईतही हलले नव्हते. बाकाच्या टोकाशी नर्स कागद घेऊन उभी होती आणि घड्याळजी तिला सांगत होता, "येईल. पाणी प्यायला गेलाय. जरा लांबचं पाणी पितो तो."

कंपाउंडरने ब्रश त्याच्या हातात दिला. सही केली. अंगठ्याचा काळा ठसा सहीशेजारी उमटला. नर्स म्हणाली, "अंगठा नको होता काका." तो म्हणाला, "असू दे."

ती आत गेल्यावर घड्याळजीने घड्याळ उचलून मनगटावर चढवले. "अकरा मिनिटं," तो म्हणाला.

"मागच्या वेळी पाच तास होते."

"सुधारणा आहे."

कंपाउंडर खाली बसला. घड्याळजीने ब्रश पाण्यात धुऊन पुसला. मग त्याने शबनममधून नियमांची वही काढली. "लिहायचंय?"

"लिही तू. माझा हात रंगाने भरलाय."

"कलम सात," घड्याळजीने जुने वाक्य खोडले.

कंपाउंडर सांगत गेला, मध्येच थांबत. "पळालेल्या तुकडीला डब्यात टाकू नये. टेबलाच्या कडेला उभी करावी. तोंड आत करून. आपल्यापैकी एक जरी तुकडी जागेवर उभी असेल, तर दर फेरीला फासा टाकावा. दोन किंवा जास्त पडले तर परत."

"दोन? फार सोपं होतंय."

"सोपं नसतं," कंपाउंडर म्हणाला.

घड्याळजीने दोन लिहिले.

उरलेले बूट दोघांनी मिळून केले. शेवटचे तीन भालाईत मोजे घातल्यासारखे दिसत होते, कारण रंग संपत आला होता. ते सुकेपर्यंत दार पुन्हा उघडले आणि डॉक्टर बाहेर आले. गाठ निघाली होती. तपासणीला पाठवली होती. काय ते आठ दिवसांनी कळणार होते. सध्या त्यांना पाचव्या मजल्यावर नेतो आहोत, एवढे बोलून ते निघाले.

मागून ढकलगाडी आली. बायको डोळे मिटून होती. चेहरा फिकट आणि लहान दिसत होता, अजून रंग न दिलेल्या सैनिकासारखा. कंपाउंडरने घाईघाईने भालाईत आणि ब्रश डब्यात भरले, झाकण लावले आणि गाडीचा दांडा धरून चालू लागला. लिफ्टपर्यंत तो तसाच गेला. लिफ्टमध्ये गाडी शिरली, वॉर्डबॉय शिरला, सलाईनची बाटली धरलेली नर्स शिरली आणि जागा संपली.

"मामा, सोडा आता," वॉर्डबॉय म्हणाला. "तुम्ही मागून या, लिफ्ट परत पाठवतो."

कंपाउंडरने दांडा सोडला. दार बंद व्हायला लागले. तेवढ्यात बायकोने किंचित डोळे उघडले असे त्याला वाटले, आणि मिटत्या फटीतून तिला आपण येताना दिसलो असू की जाताना, याचा त्याने हिशेब केला.

तो जिन्याकडे वळला.

"अरे, लिफ्ट येईल ना," घड्याळजी मागून म्हणाला. पण तोवर पहिले वळण झाले होते. बासष्ट वर्षांचा माणूस जितक्या वेगाने जिना चढू शकतो त्याहून थोड्या जास्त वेगाने कंपाउंडर चढत होता. घड्याळजीच्या कोष्टकात हा वेग नव्हता. काखेतला डबा प्रत्येक पायरीला खुळखुळत होता. चोवीस माणसे नव्या बुटांनिशी जिना चढत होती. चौथ्या मजल्यावर लिफ्ट कोणासाठी तरी थांबली. तिथे त्याने तिला गाठले.

पाचव्या मजल्यावर लिफ्टचे दार उघडले तेव्हा तो समोर उभा होता. धाप लागलेला, घामाघूम, अंगठा काळा, डबा छातीशी धरलेला.

बायकोने डोळे उघडले. तिने त्याच्याकडे पाहिले, मग डब्याकडे.

"ब्रश?" ती म्हणाली.

"ओला आहे," कंपाउंडर म्हणाला आणि त्याने गाडीचा दांडा धरला.